फर्दापूरचा तळ : दुरून चालवलेल्या कामांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी, खानदेशच्या सपाटीकडे तोंड करून वसलेले असून जगप्रसिद्ध लेणी तेथून अवघ्या चार-पाच किलोमीटरवर आहेत. ज्या गावाचे नाव लेण्यांना मिळाले ते अजिंठा मात्र घाटावर, लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे. लेण्यांशी काम असलेल्या माणसाचा मुक्काम म्हणूनच फर्दापूरला पडत आला. उत्तरेकडून दख्खनेत येणाऱ्या जुन्या मार्गावरचा टप्पा म्हणून मोगलकाळात येथे सराई बांधली गेली, पुढे निजाम सरकारने अतिथिगृह उभारले, आणि आज पर्यटकांची वाहने थांबवणारा तिठा, म्हणजे ‘टी-जंक्शन’, याच गावाच्या हद्दीशी आहे. परंतु या गावाचे खरे ऐतिहासिक वैशिष्ट्य निराळे आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत लंडन, मुंबई, हैदराबाद आणि टोकियो अशा दूरच्या ठिकाणी ठरलेली, तेथून पैसा पुरवलेली आणि तेथूनच तपासली गेलेली तांत्रिक कामे या परिसरात एकामागून एक झाली, आणि बहुतेक वेळी काम सोपवणारा एकीकडे, करणारा दुसरीकडे व ज्या वस्तूवर काम करायचे ती तिसऱ्याच्याच मालकीची, अशी स्थिती राहिली.

संगणक-उद्योगात आज ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात, म्हणजे एका संस्थेने आपले तांत्रिक काम करार करून बाहेरच्या संस्थेकडे सोपवणे, आणि ज्यांना रिमोट टीम म्हणतात, म्हणजे मुख्य कार्यालयापासून दूर राहून ते काम करणारा गट, त्यांच्या कारभाराविषयी पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत भरपूर लिहिले-बोलले जाते. कामाची व्याप्ती कोणी ठरवायची, झालेले काम कोणी तपासून स्वीकारायचे, तयार मालाच्या प्रती कोठे ठेवायच्या आणि काम हाती सोपवून गट निघून गेल्यावर पुढची देखभाल कोणाकडे राहायची, हे त्या चर्चेतले नेहमीचे प्रश्न होत. हे प्रश्न तारायंत्राच्याही आधीचे आहेत, आणि त्यांची उत्तरे चुकल्यावर काय होते याचा सलग पुरावा एखाद्याच ठिकाणी पाहायचा असेल, तर तो अजिंठ्याची लेणी जिच्यात आहेत त्या वाघूर नदीच्या दरीत आहे.

सोपवलेल्या कामाचा या दरीतील सर्वांत जुना लेखी उल्लेख पाचव्या शतकातला आहे. २६ क्रमांकाच्या लेण्याच्या शिलालेखात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मक देशाचा दिवंगत अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ हे चैत्यगृह करवून घेतल्याचे सांगितले आहे, आणि त्याच लेखात हे काम आपल्या वतीने धर्मदत्त आणि आपला शिष्य भद्रबंधू या दोघांनी पुरे केल्याची स्पष्ट नोंद आहे. दात्याने स्वतःच्या पुण्याच्या लेखात देखरेख करणाऱ्यांची नावे कोरून ठेवावीत, ही गोष्ट साधी नाही. बौद्ध विहारांच्या बांधकामावर लक्ष ठेवणाऱ्या भिक्षूला ‘नवकर्मिक’ म्हणत; नव्या कामाचा कारभारी असा त्याचा अर्थ असून त्याची कर्तव्ये विनयग्रंथांत सांगितलेली आहेत. देणारा दूर, खोदणारा कारागीर जागेवर आणि दोघांच्या मध्ये मोजमाप, शिधा व मजुरी सांभाळणारा जबाबदार माणूस, अशी ती रचना होती. १६ क्रमांकाचे लेणे करवणारा वराहदेव हा तर वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यातही त्याचा लेख आहे, म्हणजे राजदरबाराचे काम सांभाळून त्याने दोन निरनिराळ्या डोंगरांतील खोदकामे करवली. हे सारे मधल्या माणसांवाचून चालणे शक्य नव्हते. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन कलेतिहासकाराने लेण्यांतील अर्धवट कोपरे, घाईने उरकलेले गाभारे आणि सोडून दिलेले खांब यांच्या बारीक अभ्यासावरून असे मत मांडले की लेण्यांच्या दुसऱ्या, म्हणजे पाचव्या शतकातल्या पर्वाचे जवळजवळ सगळे काम इसवी सन ४६२ ते ४८० च्या सुमारास, हरिषेणाच्या आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीच्या काळात झाले आणि आश्रयदात्यांचे दैव फिरताच थांबले. स्पिंक यांची वर्षवार कालगणना सर्वांना मान्य नाही. मात्र पैसा देणारा बदलला किंवा कोसळला की छिन्नी जागच्या जागी थांबते, याचे दगडी पुरावे अजिंठ्यात कोणालाही पाहता येतात.

आधुनिक काळातील पहिला करार यानंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी झाला. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले, आणि तेव्हापासून लेण्यांची वार्ता इंग्रजी जगात पसरू लागली. १८३९ मध्ये स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने लेणी पाहिली, १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि पाणी, वटवाघळे, धूर व चित्रांचे तुकडे काढून नेणारे पाहुणे यांच्यामुळे ही चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. सोसायटीच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने १८४४ मध्ये आदेश दिला आणि मद्रास पायदळातील कॅप्टन रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली.

मराठी वाचकाला गिल परिचित आहे तो त्याची प्रेयसी पारो हिच्यामुळे, ना. धों. महानोर यांच्या दीर्घकाव्यामुळे आणि त्यावरच्या चित्रपटामुळे. कारभाराच्या दृष्टीने पाहता त्याची कथा तितकीच बोलकी आहे. काम लंडनच्या मंडळाचे, हुकूम पोचवणारे हिंदुस्थानातील कंपनी सरकार, गिल मद्रास सैन्याचा नोकर, लेणी निजामाच्या मुलखात आणि राहणे अजिंठा गावातल्या बारादरीत: अशा पाच ठिकाणी वाटलेल्या कामात लेण्यांच्या दाराशी उभे राहून ‘हे चालणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. प्रती मूळ चित्रांच्या आकाराच्या आणि तैलरंगात कापडावर करायच्या होत्या. अंधाऱ्या दालनांत, परांचीवर बसून, वाफाळ उकाड्यात किंवा पावसाळ्यानंतरच्या तापाच्या साथीत ते काम वर्षानुवर्षे चालले. लंडनचे पत्र सुएझच्या वाटेने मुंबईला पोचायला महिना-सव्वा महिना लागे, त्यावरचा खुलासा परत जायला तितकाच काळ, आणि मधल्या कचेऱ्यांचा विलंब वेगळा. विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर यांत एक अख्खा कामाचा हंगाम निघून जाई.

या कराराचा मूळ दोष मात्र टपालाच्या संथपणात नव्हता. फर्ग्युसनची चिंता चित्रे टिकण्याची होती; करारात उतरल्या त्या प्रती. प्रत मोजता येते, गुंडाळून जहाजात घालता येते आणि मंडळाच्या बैठकीत दाखवता येते. छतातून झिरपणारे पाणी अडवले, वटवाघळे हाकलली, दाराशी पहारा ठेवला, तर त्याचा हिशेब लंडनमध्ये मांडता येत नाही. म्हणून गिलच्या कामाचे माप प्रतींवर ठरले आणि भिंतींचे संरक्षण ज्याच्या मर्जीवर राहायचे त्याच्या मर्जीवर राहिले. दूर बसलेला मालक जे मोजता येते तेच मागतो, हा या प्रकारच्या कारभारातील जुना रोग आहे, आणि अजिंठ्यात तो कराराच्या पहिल्याच ओळीपासून लागलेला होता.

तयार झालेली चित्रे लंडनला गेली. दरम्यान १८५७ चे बंड झाले, १८५८ मध्ये कंपनीचा कारभारच संपला, आणि काम सोपवणारी संस्था चालू करार अर्धा टाकून इतिहासजमा झाली. चित्रे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनासाठी टांगण्यात आली, आणि ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. जी काही मोजकी वाचली ती त्या वेळी तेथे टांगलेली नव्हती म्हणून वाचली. श्रीमती स्पीअर यांच्या १८५६ सालच्या प्राचीन भारताविषयीच्या पुस्तकात गिलच्या काही प्रतींवरून केलेले लाकूडठसे छापले गेले होते. सरकारी कामाचा इतका मोठा भाग नाहीसा झाल्यावर त्यातील काही चित्रांची आठवण एका खासगी प्रकाशनातल्या लहान काळ्या-पांढऱ्या ठशांत उरली, ही गोष्ट त्या व्यवस्थेवर पुरेसे भाष्य करते. गिल याने स्वतः पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखी खोली दाखवणाऱ्या स्टिरिओ छायाचित्रांची त्याची पुस्तके १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह निघाली. छायाचित्राच्या हव्या तितक्या प्रती निघतात. वीस वर्षांच्या रंगकामापेक्षा गिलच्या हातचे जे अधिक टिकले ते हे. १८७९ मध्ये तो भुसावळ येथे मरण पावला.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी परिस्थिती किती बदलली होती हे पाहिले म्हणजे पुढच्या घटनेचे आश्चर्य अधिक वाटते. खानदेशात रेल्वे आली होती, सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, आणि १८७० पासून समुद्राखालच्या तारेने मुंबई व लंडन जोडली गेली होती. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स याने सरकारकडून मंजुरी मिळवून १८७२ च्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसह काम सुरू केले, आणि मध्ये खंड पडत ते १८८५ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे चालले. त्याची रचना गिलच्या कामापेक्षा कितीतरी शहाणपणाची होती. एकट्या अधिकाऱ्याऐवजी प्रशिक्षित गट, वर्षभराऐवजी थंडीचा हंगाम, आणि गटप्रमुख स्वतः चित्रकार असल्याने कामाची पारख लंडनच्या मेजावर नव्हे तर जागेवरच होणार. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नामांकित झालेले चित्रकार या कामात तयार झाले. पाश्चात्त्य अभ्यासक्रमात शिकणाऱ्या मुंबईच्या तरुणांना प्राचीन भारतीय रेषा हाताने उतरवण्याचे शिक्षण मिळाले, हे या प्रकल्पाचे करारात कोठेही न लिहिलेले, पण सर्वांत मोलाचे फलित मानावे लागेल. संग्रहालयाच्या नोंदींत मात्र बहुतेक चित्रे ‘ग्रिफिथ्स आणि विद्यार्थी’ अशी एकत्र गेली. दूरच्या गटातील माणसांची नावे अहवालातून गळण्याची रीत तेव्हापासूनची आहे. पाचव्या शतकातला बुद्धभद्र या बाबतीत मुंबई सरकारपेक्षा उदार होता.

सुमारे तीनशे चित्रे तयार झाली आणि तीही लंडनलाच, साउथ केन्सिंग्टन म्यूझियमकडे रवाना झाली. १८८५ मध्ये तेथे आग लागली, अनेक चित्रे पूर्ण नष्ट झाली आणि इतरांचे कमी-अधिक नुकसान झाले. पहिल्या आगीला वीस वर्षेही झाली नव्हती, ती आग सर्वांना ठाऊक होती, आणि तरीही सगळा तयार माल समुद्रापार एकाच छपराखाली ठेवण्याची पद्धत बदलली नव्हती. संगणकाच्या भाषेत ज्याला ‘बॅकअप’ म्हणतात, म्हणजे मूळ साठ्याची दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत, ती एका महाग, अवजड आणि हाताने केलेल्या वस्तूची ठेवणे सोपे नव्हते हे खरे. पण मुंबईत एक संच ठेवण्याइतकी दूरदृष्टी दाखवणे अशक्यही नव्हते. ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला म्हणून त्या कामाचा मोठा भाग अभ्यासकांपुढे राहिला. उरलेली चित्रे आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहेत. खुद्द लेण्यांतील भिंतींवर मात्र या प्रयत्नाचा निराळाच ठसा राहिला. रंग उजळ दिसावेत आणि नक्कल नीट करता यावी म्हणून काही चित्रांवर वार्निश लावण्यात आले, आणि काळाच्या ओघात ते पिवळे-तपकिरी पडून त्यावर धूळ व काजळी बसली. प्रत लंडनला गेली, तिचा खर्च भिंतीने भरला.

फर्दापूर गाव या कथेत मुख्य जागी येते ते १९०९ मध्ये. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने, जिने जुन्या इटालियन रंगतंत्राच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला होता आणि लंडनमध्ये कलासंग्रहासाठी राष्ट्रीय निधी उभारण्यात पुढाकार घेतला होता, १९०९-१० आणि १९१०-११ अशा दोन हिवाळ्यांत अजिंठ्याच्या प्रती करण्याचे ठरवले, आणि तिच्या गटाचा तळ फर्दापूरला पडला. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे के. व्यंकटप्पा आले, इंग्लंडहून डोरोथी लार्चर आली, आणि हैदराबाद राज्याने सय्यद अहमद व महंमद फझलुद्दीन या दोन चित्रकारांना पाठवले. भगिनी निवेदिता आणि शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू यांनी भारतीय चित्रकारांच्या या सहभागासाठी खटपट केली होती, कारण परकी बाई भारतीय कलेच्या प्रती घेऊन जाईल आणि भारतीय चित्रकार त्यापासून वंचित राहतील, हे त्यांना मान्य नव्हते. आजच्या भाषेत सांगायचे तर गटात आपली माणसे घुसवून त्यांनी ज्ञानाचे हस्तांतरण करून घेतले.

तंबूंतला तो मुक्काम, बैलगाडीने नदीपात्र ओलांडत रोज लेण्यांपर्यंत जाणे, शिधा लांबून आणणे, बंगाली, कन्नड, दखनी आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी एका परांचीवर बसणे, हे सारे हालदार यांच्या ‘अजंता’ या बंगाली पुस्तकामुळे वाचकांपर्यंत पोचले. या कामाला सरकारी करार नव्हता. पैसा मुख्यतः बाईंचा स्वतःचा होता, प्रकाशन लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये केले, आणि त्या ग्रंथाच्या नावात ‘फ्रेस्को’ हा शब्द आला, जो काटेकोर अर्थाने चुकीचा आहे: फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर काढलेले चित्र, तर अजिंठ्यात माती, भुसा व तंतूंच्या गिलाव्यावर पातळ चुन्याचा थर देऊन तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरलेले आहेत. हा फरक शब्दांचा खेळ नव्हता. भिंत नक्की कशी बनली आहे हे ठाऊक असणे पुढील दुरुस्तीसाठी जिवाचे होते, आणि दूरवर बसून ‘फ्रेस्को’ म्हणणाऱ्यांनी पुढे भिंतीवर काय लावायचे तेही ठरवावे, असा प्रसंग लवकरच येणार होता.

हेरिंगहॅमच्या गटाकडून सर्वांत मोठा लाभ झाला तो हैदराबादला, आणि त्याची दखल फार थोड्यांनी घेतली आहे. १९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते स्थापन केले, गुलाम यझदानी त्याचे संचालक झाले, आणि फर्दापूरच्या तंबूंत शिकलेले सय्यद अहमद पुढे लेण्यांचे क्यूरेटर, म्हणजे जागेवर राहून संग्रहाची निगा राखणारे अधिकारी झाले. पहिल्यांदाच मालक, खर्च करणारा आणि तपासणारा हे तिन्ही एकाच राज्यात आले. हैदराबादचे अंतर कमी नव्हते. पण हैदराबादने पाठवलेला माणूस हंगाम संपला म्हणून परत जात नव्हता. मोडलेले खांब बांधले गेले, वाट सुधारली, लेण्यांवर नजर ठेवणारी व्यवस्था आली, आणि सय्यद अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रती हैदराबादच्या संग्रहालयात राहिल्या, जेथे त्या आजही आहेत.

तरीही याच सुव्यवस्थित खात्याकडून या इतिहासातील सर्वांत टिकाऊ चूक घडली. गिलावा सुटत होता आणि रंग झडत होते, तेव्हा त्या काळच्या समजुतीप्रमाणे जगातले उत्तम तज्ज्ञ म्हणून इटलीहून प्रा. लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांना बोलावण्यात आले. १९२०-२१ आणि १९२१-२२ अशा दोन हंगामांत त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पक्का बसवला, कडा बांधून घेतल्या आणि रंग स्थिर करण्यासाठी शेलॅक, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली शुद्ध लाख, वापरली. गिलावा वाचवण्याचे त्यांचे काम चांगले होते आणि ते झाले नसते तर आज पाहण्यासारखे बरेच काही उरले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लाख दख्खनच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कशी वागेल याची खात्री दोन हिवाळ्यांत होण्यासारखी नव्हती, आणि ती होईपर्यंत तज्ज्ञ आपल्या देशी परतले होते. लाख पिवळी पडली, जुन्या वार्निशाच्या थरात मिसळली, आणि निळ्या-हिरव्या छटांवर तपकिरी पडदा चढला. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला जितका काळ लागतो तितका काळ करणारा बांधील नसेल, तर त्याचे कौशल्य कितीही मोठे असले तरी करार अपुरा असतो. चेक्कोनी यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांना पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी परत येऊन पाहण्याची अट कोणी घातलीच नव्हती.

यझदानी यांचे दुसरे काम म्हणजे ‘अजंता’ हा ग्रंथ. त्यासाठी ई. एल. व्हॅसी या छायाचित्रकाराकडून तीन रंगांच्या पद्धतीने, म्हणजे तीन मूळ रंगांसाठी वेगवेगळ्या ठशांनी छपाई करता येईल अशी, छायाचित्रे घेतली गेली, आणि ग्रंथ ऑक्सफर्डच्या छापखान्यामार्फत १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. छायाचित्रण एकाचे, मजकूर दुसऱ्याचा, छपाई सातासमुद्रापलीकडे: काम वाटलेले होतेच. पण व्याप्ती ठरवणारा माणूस पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एकच होता, आणि त्यामुळे १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली तरी ग्रंथ पुरा झाला. गिलच्या कामातील मालक कंपनी बुडाली तेव्हा काम वाऱ्यावर गेले होते. येथे राज्य बुडाले आणि काम टिकले. याच काळात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, अजिंठ्यावर प्रेमाने काम करत होते आणि त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक १९३२ मध्ये निघाले. हुकूम देणाराच जागेवर येऊन कुंचला धरतो, असा हा एकमेव नमुना असावा.

स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, आणि त्यानंतर फर्दापूरने आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा दूरचा प्रकल्प पाहिला. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पासाठी जपान सरकारच्या सवलतीच्या कर्जाचा पहिला करार १९९२ मध्ये सुमारे ३७५ कोटी येनचा, तर दुसरा २००३ मध्ये सुमारे ७३३ कोटी येनचा झाला. कर्ज घेणारे केंद्र सरकार, संवर्धन करणारे पुरातत्त्व सर्वेक्षण, पर्यटनसुविधा उभारणारे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, झाडे लावणारा वनविभाग, रस्ते बांधणारा सार्वजनिक बांधकाम विभाग, शिवाय पाणी, वीज आणि विमानतळ यांच्या वेगळ्या यंत्रणा: एवढ्या हातांत काम वाटले गेले. कर्ज देणारी संस्थाही मध्ये बदलली. ओव्हरसीज इकॉनॉमिक कोऑपरेशन फंड १९९९ मध्ये जेबीआयसी बँकेत विलीन झाला आणि २००८ मध्ये हे काम जायका या जपानी संस्थेकडे गेले. मात्र कंपनीच्या अंताप्रमाणे याने काही बिघडले नाही, कारण कामाचे टप्पे, खर्चाची तपासणी आणि काम संपल्यावरचे मूल्यमापन हे सारे व्यक्तीवर नव्हे, कागदावर बांधलेले होते. या बाबतीत टोकियोची शिस्त लंडनच्या संचालक मंडळापेक्षा निर्विवाद सरस ठरली.

जागेवर दिसणारे परिणामही खरे आहेत. खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात आणि लेण्यांपर्यंत राज्य परिवहनच्या बसने जावे लागते, त्यामुळे धुराचा त्रास घटला. दरीच्या तोंडाशी असलेली दुकाने तिठ्यावर हलवली गेली. उघड्या टेकड्यांवर झाडी आली. स्थानिक दुकानदारांना स्थलांतराची किंमत मोजावी लागली आणि गिऱ्हाईक बसच्या रांगेत निघून जाते ही त्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे, पण भिंतींच्या हिताने निर्णय योग्यच होता.

मग फर्दापूरला अभ्यागत केंद्र उभे राहिले. त्यात १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती करण्यात आल्या, जेणेकरून पर्यटकांना चित्रे नीट पाहता यावीत आणि मूळ लेण्यांतील गर्दी, श्वासाची आर्द्रता व उष्णता कमी व्हावी. कल्पना उत्तम होती, इमारत भव्य होती, आणि १८४४ पासून दूर जाणारी प्रत पहिल्यांदाच मूळ चित्राच्या शेजारी राहिली. केंद्र २०१३ मध्ये खुले झाले. कर्जाच्या पैशातून इमारत बांधता येते. तिची वीज आणि पाणी दरमहा कोणाच्या खात्यातून भरायचे हे मात्र चालू खर्चात मोडते, आणि काही वर्षांतच ती देणी थकल्यामुळे हे केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आणि वास्तू चालू असल्याचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करारांत पहिल्याची तारीख असते, दुसऱ्याची नसते.

पाचव्या शतकापासूनची ही सगळी कामे शेजारी मांडली असता अंतराला दोष देण्याचे कारण फारसे उरत नाही. बुद्धभद्राचा धर्मदत्त, हैदराबादचे सय्यद अहमद, ही माणसे दूरच्या मालकाच्या वतीने जागेवर राहिली आणि त्यांची कामे टिकली. गिल, ग्रिफिथ्स आणि चेक्कोनी यांच्या अंगी कौशल्याची कमतरता नव्हती, पण त्यांचा संबंध माल पोचताच किंवा हंगाम सरताच संपत होता. चेक्कोनी यांना लाख चढवायला दोन हिवाळे पुरले. ती आणि तिच्याखालचे वार्निश चित्राला धक्का न लावता उतरवण्याचे काम पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक दशके, बोटभर जागा घेत करावे लागले, आणि त्याचा खर्च मूळ कराराच्या कोणत्याही रकान्यात धरलेला नव्हता.